तडवळ्याचा थांबा आणि रेल्वेची मालकी

रेल्वेचा इतिहास बहुधा मोठ्या जंक्शनांचा, लांब पुलांचा आणि ते बांधणाऱ्या साहेबांचा लिहिला जातो. ज्या लहान थांब्यांवर मिनिटभर गाडी उभी राहिली आणि त्या मिनिटाने आसपासच्या पाचपंचवीस खेड्यांचे जग बदलले, त्यांची नोंद करण्याची गरज कोणाला वाटत नाही. बार्शी लाईट रेल्वेवरील कसबे तडवळे हा असाच एक थांबा होता. वेळापत्रकात त्याचे नाव ‘कळंब रोड’ असे होते. स्टेशन तडवळ्याच्या शिवारात आणि नाव मात्र बऱ्याच कोसांवरील कळंबचे! मोठ्या बाजाराचे नाव लहान गावाच्या पाटीवर रंगविण्याची ही रेल्वेची जुनीच रीत आहे. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला एकेकाळी ‘बार्शी रोड’ म्हणत आणि चाकूरजवळचे जंक्शन आजही ‘लातूर रोड’ म्हणूनच ओळखले जाते. तडवळ्याच्या वाट्याला तर स्वतःचे नावही आले नाही आणि पुढे गाडीही राहिली नाही. या थांब्याची कहाणी आज सांगावयाची ती जुन्या इंजिनाच्या शिटीचे कौतुक करण्यासाठी नव्हे. रेल्वे कोणासाठी बांधली जाते, कोणासाठी चालविली जाते आणि ती उठविली गेल्यावर मागे उरलेल्या जमिनीवर व स्मृतीवर हक्क कोणाचा, हे प्रश्न त्या कहाणीत गुंतलेले आहेत.

लंडनची कंपनी, बालाघाटचा चढ

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आलेला इंग्रज अभियंता. अडीच फूट रुंदीच्या अरुंद मार्गावरूनही मोठ्या रेल्वेइतकी शिस्तशीर आणि त्याहून पुष्कळ स्वस्त वाहतूक करता येते, असा त्याचा सिद्धान्त होता. इंजिनाचा व वाघिणीचा भार प्रत्येक आसावर सारखा, म्हणजे पाच टनांपर्यंत, वाटून दिला की हलके रूळही जड माल पेलतात, हे त्या सिद्धान्ताचे मर्म होय. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. परंतु मुख्य लोहमार्ग तिला वीसएक मैलांवरून टाळून गेला होता. कॅल्थ्रॉपने १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी केली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे हा मार्ग पूर्वेकडे बालाघाटाच्या डोंगरात शिरला. पानगाव-पांगरीकडची सपाटी सोडून रामलिंगच्या दऱ्याखोऱ्यांतून येडशीच्या पठारावर चढणे हा त्या इवल्या गाडीचा खरा पराक्रम. घाट चढून आल्यावर काही वर्षे रूळ तडवळ्यालाच येऊन थांबत असत. १९११ साली ते लातूरला पोहोचले, तेव्हा तडवळे हे टोकाचे स्टेशन न राहता वाटेवरचे झाले. पश्चिमेकडे पंढरपूर ओलांडून १९२७ साली मिरज गाठले आणि या रेल्वेची लांबी २०२ मैल झाली.

या साऱ्या उद्योगामागे मराठवाड्यातील रयतेच्या प्रवासाची चिंता होती, असे समजण्याचे कारण नाही. कापूस, तेलबिया आणि धान्य काळ्या मातीतून उचलून मुंबईच्या बंदरापर्यंत नेणे, पंढरीच्या वारकऱ्याच्या पडशीतून भाड्याचे पैसे वसूल करणे आणि भागधारकांना लाभांश पोहोचविणे, हे कंपनीचे हेतू होते. तेरच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे ही व्यवस्था किती जुनी आहे हे ध्यानात येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात तगर म्हणून ज्या नगराचा उल्लेख येतो ते हे तेर. तेथील कापड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेले जाई. वाहन बदलले, बंदर बदलले. पण पिकविणारा आणि विणणारा जेथल्या तेथे राहिला.

तरीही कोणतीही रेल्वे केवळ मालकाच्या हेतूप्रमाणे वागत नाही. मालासाठी टाकलेल्या रुळांवरून माणसेही चढउतार करतात, आणि माणसांबरोबर वर्तमानपत्र, पत्रके, विचार आणि बंडखोरीही प्रवास करू लागते. तडवळ्याच्या थांब्यावर नेमके हेच घडले.

दोन राज्यांच्या सीमेवर

तडवळे त्या काळी मुंबई इलाख्यातील सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यात मोडत असे. सभोवती मात्र निजामाचा मुलूख पसरलेला होता. बार्शीहून निघालेली गाडी इंग्रजी हद्दीतून निजामी हद्दीत, तेथून पुन्हा तडवळ्याच्या इंग्रजी बेटात आणि मग परत निजामी मुलखात जात असे. एकाच प्रवासात कलदार रुपया आणि हाली शिक्का असा दोन नाण्यांचा हिशेब करावा लागे. निजामाच्या जकात खात्याची, म्हणजे करोडगिरीची, दहशत गाठोडे घेऊन जाणाऱ्या गरिबाला अधिक जाणवे. हैदराबाद संस्थानात सभा भरवावयाची तर सरकारी परवानगीवाचून गत्यंतर नव्हते. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या फर्मानाने जाहीर बोलण्यालाच टाळे ठोकले होते. अशा मुलखाच्या मधोमध जेथे सभा भरू शकेल असे एक गाव आणि त्या गावाला रेल्वेचा थांबा, ही परिस्थिती संस्थानी प्रजेच्या दृष्टीने लहान नव्हती.

२२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित राहिले. ते रेल्वेने आले आणि थांब्यापासून गावापर्यंत त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असे गावात आजही अभिमानाने सांगितले जाते. परिषदेचा विषय समजून घेतला तर तिचे महत्त्व कळते. महारकी आणि मांगकी ही वतने कागदोपत्री हक्क म्हणून नोंदलेली. प्रत्यक्षात ती पिढीजात वेठबिगारी होती. तुटपुंजी जमीन आणि बलुत्याची भाकर यांच्या मोबदल्यात रात्री-अपरात्री सरकारचे आणि गावाचे कोणतेही काम करावयाचे, घरातील कर्ता आजारी असेल तर दुसऱ्याने त्याच्या जागी उभे राहावयाचे, आणि यालाच ‘मान’ समजावयाचे. हा जाच मोडण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले होते. १९३९ साली हरेगावला याच प्रश्नावर परिषद झाली होती. तडवळ्याची परिषद ही त्या दीर्घ लढ्यातील एक कडी. त्या मुलखातील महार आणि मांग या दोन समाजांना एका मांडवात एका मागणीसाठी बसविणे, हे तिचे विशेष कार्य होय. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. म्हणजे तडवळ्याच्या मांडवातून निघालेल्या मागणीला कायद्याच्या पुस्तकात पोहोचावयास सतरा वर्षे लागली.

रेल्वे आणि जात यांचे नाते येथे आणखी एका बाजूने पाहिले पाहिजे. तिकीट काढले की डब्यातील बाक कोणाच्याही जातीचा राहत नाही, हे खरे. आणि म्हणूनच खेड्यातील दलिताला गावच्या चावडीपेक्षा रेल्वेचा फलाट अधिक मोकळा वाटला असेल तर नवल नाही. परंतु रेल्वेच्या नोकरीत हा मोकळेपणा नव्हता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे भरलेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी हेच बोट ठेवून दाखविले होते. अस्पृश्य कामगार रुळांवरच्या गँगमध्येच खितपत राहतो. त्याला स्टेशनवरचा पोर्टरही नेमत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरच्या घरची कामे करून घ्यावयाची असतात, अशी व्यथा त्यांनी मांडली. आणि कामगाराचे शत्रू दोन आहेत, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही, हा त्यांचा प्रसिद्ध सिद्धान्त त्याच व्यासपीठावरून उच्चारला गेला. समाजवादी चळवळीने या दोन शत्रूंपैकी एकाशीच झुंजण्याची चूक अनेकदा केली आहे. मनमाडचे भाषण आणि तडवळ्याची परिषद एकत्र वाचली तर त्या चुकीचे उत्तर सापडते.

मालकी बदलली, रुंदी बदलली

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुढे हद्दींची सरमिसळ मिटली आणि तडवळे उस्मानाबाद जिल्ह्यात आले. करोडगिरी गेली, हाली शिक्का गेला. परंतु लंडनच्या कंपनीची मालकी मात्र स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकली. १९५४ साली भारत सरकारने बार्शी लाईट रेल्वे ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत विलीन झाली. या राष्ट्रीयीकरणाचा अर्थ नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. नफ्याच्या हिशेबाने ही गाडी मोटारीच्या स्पर्धेत केव्हाच बंद पडली असती. कॅल्थ्रॉपच्याच देखरेखीखाली इंग्लंडच्या डोंगराळ भागात, त्याच अडीच फुटी रुंदीवर, बार्शीच्याच नमुन्याने बांधलेली लीक व मॅनिफोल्ड रेल्वे १९०४ साली सुरू झाली आणि तिचे गिऱ्हाईक मोटारींनी पळविल्यावर १९३४ साली कायमची बंद पडली. बार्शीची गाडी मात्र त्यानंतर सत्तरांहून अधिक वर्षे घाट चढत राहिली. ती सार्वजनिक मालकीची होती, आणि तोट्यातही चालविणे हे शासनाचे कर्तव्य मानले जात होते, हे त्याचे एक मोठे कारण होय.

अर्थात, स्वातंत्र्यानंतर मराठवाड्याच्या पदरात पडलेला हा वारसा अपुरा होता, हे नाकारण्यात शहाणपणा नाही. लातूरला नॅरोगेज, नांदेडला मीटरगेज, परळी-विकाराबाद मार्गावर ब्रॉडगेज. एकाच विभागात रुळांच्या तीन रुंदी! माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत हमालाच्या पाठीवरून जात असे. या विषमतेविरुद्ध गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाचा लढा दीर्घकाळ चालविला आणि त्या लढ्याच्या बळावर मनमाडपासून नांदेडच्या बाजूचा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. लातूर-कुर्डुवाडीची पाळी त्यानंतर आली. २००७-०८ साली हे काम पुरे झाले आणि जिल्ह्याचे ठिकाण असूनही शतकभर रेल्वेपासून वंचित राहिलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, प्रथमच लोहमार्गावर आले.

त्यासाठी नवा मार्ग वळवावा लागला. येडशीहून ढोकीकडे सरळ जाणारा जुना रस्ता सोडून रूळ दक्षिणेला धाराशिवकडे उतरले. तडवळे बाजूला पडले आणि तेथील रूळ उखडले गेले. धाराशिवची मागणी न्याय्यच होती, त्यामुळे या निर्णयावर दोषारोप करणे योग्य ठरणार नाही. प्रश्न निर्णयाचा नसून त्यानंतरच्या विस्मरणाचा आहे. एका जिल्ह्याच्या ठिकाणाला न्याय देताना ज्या खेड्यांची शंभर वर्षांची गाडी काढून घेतली, त्यांना त्या बदल्यात काय द्यावयाचे, याचा विचार कोणत्या फायलीत झाला?

रेल्वेचे मोल कशात मोजावयाचे?

रुंदीकरणाचे महत्त्व किती, हे १२ एप्रिल २०१६ रोजी साऱ्या देशाने पाहिले. मिरजेहून पाण्याने भरलेल्या दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन, त्या पहाटे लातूरला आल्या. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींची ‘जलदूत’ पावसाळ्यापर्यंत धावत राहिली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा तिचा रस्ता म्हणजे कॅल्थ्रॉपच्याच रेल्वेचा, नव्या रुंदीचा रस्ता होता. कृष्णेच्या काठचे पाणी मांजरेच्या कोरड्या खोऱ्यात आणणाऱ्या त्या गाडीने कोणता नफा मिळविला? तिचा हिशेब कोणत्याही खासगी कंपनीच्या ताळेबंदात बसला नसता. ज्या मांजरा धरणाने तळ दाखविला, त्याच खोऱ्यात उसाखालचे क्षेत्र वाढत गेले होते, हे या शोकांतिकेचे दुसरे अंग आहे. पाण्याच्या वाटपातील अन्याय रेल्वे कायमचा दूर करू शकत नाही. तरीही संकटाच्या क्षणी धावून आली ती सार्वजनिक मालकीची रेल्वे, ही गोष्ट विसरता येत नाही.

याच रेल्वेचा कारभार त्यानंतरच्या काळात कोणत्या दिशेने गेला? २०१७ साली स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पाची प्रथा संपली, आणि लहान थांब्याचे गाऱ्हाणे संसदेत वर्षातून एकदा तरी ऐकले जाण्याची हक्काची जागा गेली. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत साथीच्या निमित्ताने बंद झाली, ती साथ ओसरल्यावरही परत आली नाही. साथीनंतर पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ आणि ‘एक्स्प्रेस’ या नावांनी सुरू झाल्या. दहा रुपयांच्या किमान भाड्याच्या जागी तीस रुपये मोजावे लागले आणि जुने भाडे परत यावयास फेब्रुवारी २०२४ उजाडले. वेळापत्रक नव्याने आखताना गाड्यांचा वेग वाढविण्यासाठी देशभर असंख्य लहान थांबे कापले गेले. वेग वाढला हे खरे. परंतु तो कोणाच्या वाट्याला आला आणि त्याची किंमत कोणी मोजली? गाडी ज्याच्या गावी थांबतच नाही, त्याला तिच्या वेगाचे कौतुक कशासाठी असावे? भाजीची पाटी घेऊन तालुक्याला जाणारी बाई, महाविद्यालयात जाणारा शेतमजुराचा मुलगा, ऊसतोडीला निघालेले जोडपे यांच्या दृष्टीने रेल्वे म्हणजे लहान थांबा आणि स्वस्त तिकीट, एवढेच असते.

लातूरजवळ हरंगुळला २०१८ साली रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. मराठवाड्यातील तरुणांना तेथे हक्काची सरकारी नोकरी मिळेल, अशा घोषणा त्या वेळी झाल्या. पुढे वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्यासाठी हा सार्वजनिक पैशाने उभारलेला कारखाना रशियन भागीदारी असलेल्या कंपनीच्या हाती सोपविण्याचा करार झाला. १८९७ साली लंडनच्या भांडवलाने बार्शीला रूळ आणले. सव्वाशे वर्षांनी रूळ आणि कारखाना देशाचे असताना कंत्राट पुन्हा बाहेरच्या भांडवलाकडे जाते. या प्रवासाला प्रगती म्हणावयाचे की परिक्रमा, याचे उत्तर कामगार संघटनांनी शोधले पाहिजे. तेथे बांधली जाणारी वातानुकूलित गाडी मराठवाड्यातील किती स्थानकांवर थांबेल, हेही विचारले पाहिजे.

जमीन कोणाची, स्मृती कोणाची?

उखडलेल्या मार्गाची जमीन हा यातील सर्वांत तातडीचा प्रश्न होय. रूळ गेले तरी त्यांच्याखालची पट्टी नाहीशी होत नाही. ती एकेकाळी शेतकऱ्यांकडून सार्वजनिक कामासाठी घेतलेली जमीन आहे. रेल्वेच्या जमिनींचा व्यापारी वापर करण्यासाठी २००६ साली स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मालवाहतूक केंद्रांसाठी अशा जमिनी ३५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, बाजारभावाच्या वार्षिक दीड टक्का दराने देण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले. बेवारस दिसणाऱ्या पट्टीवर एकीकडे बड्यांचे अतिक्रमण आणि दुसरीकडे भाडेपट्टा, अशा दुहेरी मार्गाने सार्वजनिक संपत्ती हळूहळू खासगी होते. याला पर्याय आहे. वर उल्लेखिलेल्या लीक-मॅनिफोल्ड रेल्वेची पट्टी बंद पडल्यानंतर तीनच वर्षांत, १९३७ साली, तेथील काउंटी कौन्सिलने पादचाऱ्यांच्या सार्वजनिक वाटेत रूपांतरित केली. भांडवलशाहीच्या मायदेशात जे नव्वद वर्षांपूर्वी होऊ शकले, ते तडवळ्यात का होऊ नये? येडशी ते ढोकी या जुन्या पट्टीवर शाळकरी मुलांना सायकलने जाता येईल असा, दुतर्फा झाडे असलेला सार्वजनिक रस्ता करणे ग्रामपंचायतींना आणि रोजगार हमीला अवघड नाही.

स्मृतीचेही तसेच आहे. १९०७ साली बांधलेली माथेरानची गाडी आज जपली जाते आणि ती जपलीच पाहिजे. परंतु ती मुंबईच्या धनिकांना थंड हवेकडे नेणारी गाडी होती. कापसाचे गठ्ठे, वारकरी, सीमेपलीकडे सभेला निघालेले निजामी प्रजाजन आणि वतनाचे जोखड झुगारण्यासाठी आलेले महार-मांग यांना नेणारी घाटातली गाडी मात्र भंगारात जमा होते, आणि तिच्या थांब्याच्या स्मारकासाठी गावकऱ्यांना वर्षानुवर्षे मागणी करीत राहावे लागते. वारशातही वर्ग असतो तो असा.

कार्यकर्त्यांसमोरील काम

या परिस्थितीत काही निश्चित मागण्या हाती घेतल्या पाहिजेत. पहिली मागणी अशी की, जुन्या बार्शी लाईट रेल्वेच्या सोडून दिलेल्या पट्टीची मोजणी होऊन तिचा नकाशा ग्रामसभांपुढे ठेवला जावा, आणि ग्रामसभेच्या संमतीवाचून तिचा तुकडाही भाड्याने दिला जाऊ नये. दुसरी, तडवळ्याच्या थांब्याची जागा १९४१ च्या परिषदेचे स्मारक म्हणून सार्वजनिक मालकीत राखली जावी. तेथे पुतळ्याबरोबरच वतनविरोधी लढ्याचा आणि रेल्वे कामगारांचा इतिहास सांगणारे ग्रंथालय असावे. तिसरी, कुर्डुवाडी ते लातूर रोड आणि परभणी ते नांदेड या मार्गांवर स्वस्त भाड्याच्या, लहान गावी थांबणाऱ्या गाड्या वाढवाव्यात. चौथी, नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर रोड या थेट मार्गाची जुनी मागणी पुन्हा जोमाने मांडली जावी. आजही नांदेडच्या माणसाला रेल्वेने लातूर गाठावयाचे तर परभणी-परळीचा वळसा घालावा लागतो. २०१७ साली मुंबई-लातूर गाडी बिदरपर्यंत वाढविली गेली तेव्हा लातुरात आंदोलन पेटले, हे अनेकांना आठवत असेल. अपुरी गाडी दोन गावांत वाटून द्यावयाची आणि त्यांना आपापसांत भांडू द्यावयाचे, हा राज्यकर्त्यांचा जुना खेळ आहे. नांदेड, लातूर, धाराशिव आणि बिदर यांच्या जनतेने एकमेकांच्या तोंडचा घास न मागता सर्वांसाठी अधिक गाड्या मागितल्या, तरच तो खेळ थांबेल.

या मागण्यांसाठी निवेदने पुरेशी नाहीत. जुन्या मार्गावरच्या प्रत्येक गावात अजूनही अशी वडीलधारी माणसे आहेत, ज्यांनी या गाडीतून प्रवास केला, तिच्या रुळांवर गँगमध्ये घाम गाळला, तिच्या फलाटावर हमाली केली. त्यांच्याकडून तो इतिहास टिपून घेणे, ग्रामसभेत पट्टीचा ठराव करून घेणे आणि रेल्वे कामगारांच्या संघटनांना प्रवाशांच्या मागणीशी जोडणे, हे काम युवक कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यात हाती घ्यावयास हरकत नाही. पुढचा फेब्रुवारी येईल तेव्हा येडशीहून तडवळ्यापर्यंत जुन्या पट्टीवरून पायी मोर्चा निघावा आणि परिषदेच्या जागी त्याची सभा व्हावी. त्या सभेला कोणत्याही गश्तीच्या परवानगीची जरूर आता नाही. जरूर आहे ती तडवळे, येडशी आणि ढोकीच्या रहिवाशांनी एकत्र येऊन आपली जमीन आणि आपली गाडी मागण्याची.